वाकड्या टाक्यांची उशी

भिंतीला कान लावून भांडण ऐकायची मला कधी गरजच पडली नाही. आमच्या आणि धाकट्या दिरांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती, आणि माझी धाकटी जाऊ बोलायला लागली की ती भिंत असून नसल्यासारखी. त्या दिवशी मी भांडी घासत होते.

"एक तर या घरात तो कापूस राहील, नाहीतर मी!"

"अगं, पण तू झोपतेस कशावर? कापसावरच ना?" हे भावोजी.

"चेष्टा पुरे. सकाळी उठलात की छातीत मांजर गुरगुरतं तुमच्या. विका ते दुकान. माझा दादा कपाटांच्या दुकानात गल्ल्यावर बसवतो म्हणालाय."

"लोखंडी कपाटांत? तिथे मी काय करू, दिवसभर दारं उघडू नि लावू?"

"श्वास घ्या! तेवढं केलंत तरी पुष्कळ!"

यावर भावोजींकडे झकास उत्तर असणार, पण ते बाहेर आलं नाही. त्यांचा दम संपला होता. जावेचा संपत नव्हता. शेवटी खोकला ऐकू आला, मग पाण्याचा पेला, आणि मीही नळ बंद केला. चेष्टेचं दिसत नव्हतं.

आमचे भावोजी गादीवाले. सासऱ्यांचंच दुकान ते चालवायचे. जुन्या गादीतला कापूस काढायचा, पिंजायचा, परत भरायचा आणि लांब दाभणाने टाके घालायचे. काम मोठं देखणं. त्यांनी भरलेल्या गादीवर पाहुणा झोपला की उठायचं नाव घेत नसे, एवढीच काय ती त्या गादीची खोड. दुकान सोडायचं म्हणजे त्यांच्या लेखी हात कापून ठेवण्यासारखं होतं.

दम्याचंही ते कौतुक होऊ देत नसत. आमची दोन्ही घरं वरच्या मजल्यावर होती. जिना चढताना भावोजी वळणावर थांबायचे, कठडा हलवून बघायचे.

"काय बघताय, भावोजी?"

"पक्का आहे का बघतोय, वहिनी. लोक हात टेकतात."

अख्ख्या घरात त्या कठड्याइतकी कुणाची चौकशी होत नसे.

भांडणानंतर जावेने त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. साक्षीला मला घेतलं, कारण भावोजी दवाखान्यात गेले की एकदम ठणठणीत होत.

"दम्याचे दोन पंप दिले होते," बाई म्हणाल्या. "एक रोजचा, दम लागो न लागो. दुसरा एकाएकी लागला तर. रोजचा घेता ना?"

"घेतो की. लागला म्हणजे."

"रोजचा?"

"सवय लागेल म्हणून जरा जपून वापरतो."

"पाहुण्यांसाठी ठेवलाय," जाऊ म्हणाली, "चांगल्या कपबश्यांच्या शेजारी!"

बाई हसल्या. "दात घासायची सवय लागली म्हणून माझ्याकडे अजून कुणी आलेलं नाही. रोज घ्यायचा, वर चूळ भरायची. बरं, दम जास्त कधी लागतो?"

"सकाळी उठताना. दुकानात बरा असतो. तोंडाला फडकं बांधतो, वारं पाठीवर घेऊन बसतो."

"मग झोपता कशावर?"

भावोजींनी जावेकडे बघितलं. जावेने माझ्याकडे.

आम्हा तिघांच्याही डोळ्यांसमोर त्यांची ती जुनी उशी आली. भावोजी पहिल्यांदा दुकानात बसले तेव्हा सासऱ्यांनी स्वतः भरून दिलेली. भावोजी गावाला सांगत फिरायचे, उशी वेळच्या वेळी उघडा, कापूस बदला. पण त्या उशीला कुणी टाचणी लावली तरी घर डोक्यावर घ्यायचे.

"पिंजण्यापासून लांब राहा, ते आहेच," बाई म्हणाल्या. "पण आधी ती उशी काढा."

घरी आल्यावर नवरा-बायकोत करार झाला. थंडी संपेपर्यंत सकाळचं मांजर गेलं तर दुकान राहील. नाही गेलं, तर कपाटं.

गच्चीवर जावेने उशी उसवली. भावोजी फडकं बांधून दाराशी उभे, मला म्हणाले, "हळू म्हणावं तिला, वहिनी." आतून जे निघालं त्याला कापूस म्हणायला जीभ धजेना. काळपट गोळे, आणि वास बंद ट्रंकेसारखा. मी खोळ झटकली, तर तिचे टाके सगळे वाकडे.

"हे काय हो? मामंजींचा हात तर सरळ होता," मी म्हटलं.

भावोजी हळूच म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही." मग म्हणाले, "कापूस टाका. खोळ मात्र धुऊन ठेवा."

नवी उशी आली, तिला घट्ट विणीचा अभ्रा आला. चादरी कढत पाण्यात पडू लागल्या. पंप कपबश्यांमधून निघून दात घासायच्या ब्रशाशेजारी गेला. पिंजायचं यंत्र दुकानामागे उघड्यावर नेलं, त्यावर कारागीर बसवला, आणि भावोजींकडे राहिले फक्त टाके. पंपाची पाळत ठेवायला जाऊ दुकानात बसू लागली.

ती थंडी मी भिंतीपलीकडचं मांजर ऐकण्यात घालवली. आधी ते रोज गुरगुरायचं, मग एक दिवसाआड, मग धूर नाहीतर सर्दी झाली तरच. थंडी सरली तेव्हा कपाटांचं कुणी नावही काढलं नाही. दुकान विका म्हणणारी बाई तोवर स्वतःच गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाला सांगत होती, "स्वस्तातली घेऊ नका, मान धरेल!"

दमा गेला नाही. जोरात हसले की खोकायचे आणि दोष मला द्यायचे. पण भावोजींनी टाके घातले ते नातवंडांची लग्नं होईपर्यंत. गेल्या थंडीत गेले, झोपेत, दम्याने नाही, वयाने.

त्याच्या आदल्या संध्याकाळी माझी उशी भरून घेऊन आले. जिन्याच्या वळणावर पावलं थांबली. मी दार उघडून उभी राहिले.

"कठडा कसा आहे, भावोजी?"

"पक्का आहे, वहिनी. आपल्याला पुरून उरेल."

वर आले, उशी पलंगावर ठेवली, थोपटली, कोपरे ओढून बघितले. पाणी प्यायले.

"मान दुखली तर गादीवाल्याला नावं ठेवा. उशीला नको," म्हणाले, आणि शेजारी आपल्या घरी गेले.