घुमू नये म्हणून

काकांना निवृत्त झाल्यावर गाण्याचं वेड लागलं, असं इमारतीतले लोक म्हणत. वेड जुनंच होतं. निवृत्तीनंतर ते पूर्णवेळ झालं, इतकंच. घरात जुन्या रेडिओत असत तसल्या व्हॉल्व्हचा भारी सीडी प्लेअर आला. ते काचेचे व्हॉल्व्ह तापून लाल होईपर्यंत काका, दूध उतू जाईल की काय अशा नजरेने त्यांच्याकडे बघत बसत. मग फ्रिज बंद, पंखा बंद, दिवा बंद.

एवढ्यावर भागलं असतं तर काकूंची काही तक्रार नव्हती. पण एके दिवशी काकांना शोध लागला, की काकू मागच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या की आवाज खोलीत घुमत नाही. माणसाचं अंग म्हणे घुमणारा आवाज पिऊन टाकतं. झालं! तेव्हापासून काकूंची प्रत्येक संध्याकाळ त्या खुर्चीत गेली. विणायचं नाही, सुया वाजतात. मटार सोलायचे नाहीत. खोकायचं तर दोन गाण्यांच्या मध्ये. नवऱ्याच्या हौसेपायी बायकोचं फर्निचर झालं, आणि सांगणार कोणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

अशात धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. "ताई, महिनाभर येशील का गं? दुसरं कोणाला सांगू?"

"जा की," काका म्हणाले. "फक्त संध्याकाळी परत येत जा."

बहिणीचं घर रात्रभराच्या प्रवासावर होतं, आणि काका थट्टा करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी माळ्यावरची जुनी गादी काढली, गुंडाळून खुर्चीत उभी केली आणि वर आपली शाल पांघरली. काकांनी दिवा मालवला, डोळे मिटले.

"बसलीस?"

"बसले," काकू दारातून म्हणाल्या आणि चपला हातात घेऊन बाहेर सटकल्या.

रस्त्यावर आल्यावर कुठे जावं ते त्यांना सुचेना. कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर बसून त्या मनसोक्त खोकल्या.

परतल्या तेव्हा शेवटचं गाणं संपत आलं होतं. ते थांबलं तसे काका मागे न बघताच म्हणाले, "आज काय लागलंय! असं कधी ऐकलंच नव्हतं. ही मशीनची करामत नाही गं, तुझी आहे. तू नसलीस तर मला गाणं ऐकूच येणार नाही."

काकूंना भरून आलं. उभ्या संसारात हा माणूस असं बोलला नव्हता. गुपचूप गादी उचलावी, बहिणीला नाही म्हणून कळवावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. पण मग उद्याही तीच खुर्ची, परवाही तीच.

त्यांनी दिवा लावला. "मी नव्हतेच. गादी होती."

काका वळले. त्यांनी गादीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, उठून शाल बाजूला केली आणि गादी दोनदा दाबून बघितली. काकू जीव मुठीत धरून उभ्या होत्या. आता हे चिडतील, नाहीतर दुखावतील.

"कापसाची की फोमची?" काकांनी विचारलं.

"कापसाची," काकू म्हणाल्या, आणि बॅग भरायला आत गेल्या.