बादलीभर थंड पाणी

त्या वर्षी मी बुद्धवंदनेला बसणं सोडलं होतं. माय गेली तेव्हा मी नांदेडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर लिहीत होतो. माझी परीक्षा बुडू नये म्हणून निरोप पाठवू नका, असं तिनंच घरच्यांना बजावलं होतं. मी पोचलो तेव्हा तिसरा दिवस उजाडला होता. लहानपणी मी घाबरून उठलो की ती छातीवर तळहात ठेवून हळू आवाजात 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिसरण म्हणायची आणि मला झोप लागायची. आता ते शब्द ओठावर आले की तिचा हात आठवायचा आणि पुढचं म्हणवत नसे.

त्यानंतर काही महिन्यांनी ते दुखणं सुरू झालं. मध्येच एखादा ठोका चुकायचा आणि मग काळीज बुजलेल्या बैलासारखं उधळायचं. मी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसायचो. जितकी मोजावी तितकी ती जास्त पळायची. घरी कुणाला बोललो नाही. आमच्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच होतो, आणि सगळ्यांची आशा माझ्यावर होती.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत मला कारकुनाची नेमणूक मिळाली, पण रुजू होण्याआधी सरकारी दवाखान्यातून प्रकृती ठीक असल्याचा दाखला हवा होता. डॉक्टर छातीला नळी लावतील, सगळं उघडं पडेल आणि नोकरी हातची जाईल, या एका भीतीनं मला पोखरलं होतं.

ठरल्या दिवशी अहमदपूरहून सकाळची एस.टी. धरली. दुष्काळानं दोन्ही बाजूंची रानं काळी, उघडी पडली होती. अर्ध्या वाटेत काळीज उधळलं. अंगाला घाम सुटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. कंडक्टरनं एका फाट्यावर घंटी ओढली. म्हणाला, "उतरा, जरा वाऱ्याला बसा. पर लई येळ न्हाई हां, मास्तर."

फाट्याला लागूनच एक खोल विहीर होती. तळाच्या झऱ्यात पाणी साचेल तशी एकेक बाई बादली सोडत होती. मी काठाशी बसलो. समोरून येणारी गाडी धरून घरी परत जावं, दाखला नको नि नोकरीही नको, असं मनात पक्कं होत होतं. तेवढ्यात नुकतीच बादली ओढून घेतलेली एक म्हातारी जवळ आली.

"काय हुतंय रं, लेकरा?"

मी छातीकडे बोट दाखवलं. पाणी पाहून माझी ओंजळ आपोआप पुढं झाली, तिनं वरून ओतावं म्हणून. मला हे कुणी शिकवलं नव्हतं. आजोबांना तसं पाणी पिताना मी पाहिलं होतं.

"ओंजळीनं काय हुनार? माझ्या भावाचं असंच व्हायाचं. बादलीत तोंड बुडव आन् दम धर."

"मावशी, मी बौद्ध आहे."

"इचारलं का मी? बुडव म्हन्ते ना!"

रांगेतली एक बाई म्हणाली, "आगं म्हातारे, सकाळधरनं ताटकळलीस त्या बादलीसाठी. आता काय करशील त्या पान्याचं?"

"च्या करीन. तूबी ये प्यायला."

बायका हसल्या. मी डोळे मिटले आणि तोंड बुडवलं. तळाचं ते पाणी इतकं गार होतं की कपाळ बधिर झालं. पाठीवर, बरोबर छातीच्या मागं, तिचा ओला तळहात टेकला. आत एक ठोका थांबला. आता संपलंच, असं वाटलं. नकळत मनात त्रिसरण सुरू झालं. मग पुढचा ठोका पडला, संथ, आणि त्याच्यामागं दुसरा.

गाडीनं हॉर्न दिला. म्हातारी म्हणाली, "च्या पिऊन जा की." मी म्हणालो, "परत येईन, मावशी," आणि पळालो.

दवाखान्यात मी काही लपवलं नाही. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, थांबवून घेऊन पुन्हा एकदा काढला. म्हणाले, "हृदयात दोष दिसत नाही. मेंदूकडून त्याच्याकडे दोन तऱ्हेच्या नसा येतात. एक चाबूक, एक कासरा. भीती आणि दुःख चाबूक ओढतात. गार पाण्यात तोंड बुडवलं की कासरा ताणला जातो. बाईंनी बरोबर केलं. पण सारखी नाडी मोजू नका आणि पुन्हा झालं तर लगेच या." दाखला मिळाला.

रुजू झाल्यावर सुट्टी मिळायला बरेच दिवस गेले. साखर-चहापत्तीचा पुडा घेऊन त्या फाट्यावर उतरलो, तर विहीर पार आटली होती. एका गुराख्यानं सांगितलं, म्हातारी देगलूरकडं लेकीकडं गेली. गाव त्याला ठाऊक नव्हतं. पुढं दोन उन्हाळे मी तिथं उतरून चौकशी केली. ती भेटली नाही.

नसांचं काम डॉक्टरांनी समजावलं, ते मला पटतं. पण ती बादली माझ्यापुढं धरणाऱ्या हाताला काय नाव द्यावं, ते मला अजून कळलेलं नाही. मी पुन्हा वंदनेला बसतो. शरण जाणं म्हणजे मागणं, असं मला वाटायचं. त्या दिवशी मी फक्त ओंजळ सोडून दिली होती. आता त्रिसरण म्हणताना मनगटावरची बोटं मी उचलून घेतो. छातीवर मायचा हात असतो आणि पाठीवर त्या म्हातारीचा. कधीमधी ठोका चुकतो. चुकू दे, म्हणतो. तेवढा तिच्या घरचा चहा मात्र प्यायचा राहिला.