कंपाउंडरचे न थांबणारे चाक

ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. कारण जप्तीच्या पंचनाम्यात मी माझ्या हस्ताक्षरात लिहिले होते, 'उक्त चक्का अपने आप घूमता है.' साहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारले, "दरोगाजी, बैल भी अपने आप दूध देता है क्या?"

नव्या मध्य प्रदेशाची ती सुरुवातीची वर्षे. बालाघाट जिल्ह्यात कटंगीकडे मी ठाणेदार होतो. एका धानगिरणीतून लोखंडी दातेरी चाक चोरीला गेले. खबऱ्या म्हणाला, "कंपाउंडरच्या घरी पाहा साहेब. रातदिन दातेच कोरून राह्यला थो."

कंपाउंडर म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेला म्हातारा. बायको वारलेली, मुलगी तुमसरला दिलेली. कधीच न थांबणारे चाक बनवायचे, हा त्याचा ध्यास. दाते आधी कच्च्या पपईच्या चकतीवर कोरून पाहायचा, जमले की सागाच्या फळीवर. पपईची मग भाजी. आम्ही गेलो तेव्हा अंगणात ही गर्दी, आणि मधोमध परातीएवढे लाकडी चाक सावकाश फिरत होते. मोटर नाही, पट्टा नाही. मी वाकून पाहिले, पलीकडून पाहिले आणि संशयावरून ते जप्त करून तो पंचनामा लिहिला.

ठाण्यात आणल्यावर चाक थांबले. त्याच्या मागे खिळे ठोकून बंद केलेली पेटी होती; अंगणात ती मला चाकाचा नुसता आधार वाटली होती. गिरणीचा माल तिच्यातच असणार, असे मला वाटले. ती उघडायला घेतली तर सोबत आणलेला म्हातारा आडवा आला.

"पेटी नोका उघडू साहेब. चोरी म्याच केली. घ्या लिहून."

कबुलीसाठी घसा कोरडा करणारी आमची जात. फुकट मिळालेली कबुली पाहून मी सावध झालो.

"गिरणीत थे चाक कोठं होतं?"

"इंजिनाजवळ."

"कोणत्या बाजूले?"

"आता रातच्याले काय दिसते साहेब!"

फिर्यादीत चाक भरदुपारी गेल्याचे लिहिले होते.

शिपायाला बाहेर पाठवले आणि पेटी उघडली. आत ग्रामोफोनची स्प्रिंग. लोक यायच्या आधी तो चावी भरून ठेवायचा.

"म्हंजे खरं चाक जमलंच नाही?"

"नाही जमलं. पन नुसते दाते पाहाले कोन येते? हे फिरू लागलं तं लोक बसाले लागले. कोनी पान आनते, कोनी असं होतच नाही म्हनून भांडते. जेलात टाका साहेब, पन चाबीचं कोनाले सांगू नोका."

गिरणीचे चाक पुढे गिरणीच्याच भुशाच्या ढिगात सापडले. जप्तीचा माल परत देण्याच्या दिवशी ठाण्यासमोर गाव जमले. "तपासणी आहे, सगळे बाहेर!" असे ओरडून मी मालखान्याचे दार लावले आणि म्हाताऱ्याकडे पाठ करून उभा राहिलो. मागून चावीची करकर ऐकू येऊ लागली, ती मी मोठमोठ्याने खोकून झाकली. चाक फिरतच बाहेर गेले.

खोटे पकडणे आमचे काम. पण पकडलेले प्रत्येक खोटे चौकात मांडायचे नसते, एवढे मी त्या प्रकरणात शिकलो. पंचनामा दुरुस्त केला नाही. साहेबांच्या लेखी मी शेवटपर्यंत मूर्खच राहिलो.

घरी जेवताना मात्र बायकोला सांगितले. वाटले, हसेल. ती भात वाढता वाढता थांबली.

"या क्वार्टरात आलो तवापासून पोलिसाच्या दारात एक बाई पाय ठेवत नाही," ती म्हणाली. "माह्यासाठीबी एक चाक करून देते का, विचारा त्याले."