पोशेऱ्याहून जहाजावर, एका खुर्चीसाठी

जहाजावर जायची मला हौस नव्हती. सत्राच्या उत्तरपत्रिका तपासून डोळे दुखत होते. सुट्टीत जव्हारच्या घरी नुसतं पडून राहायचं, एवढंच ठरलं होतं. मग वनिताचा फोन आला.

वनिता मोखाड्याजवळच्या पोशेऱ्याची. कॉलेजात माझी विद्यार्थिनी होती, नंतर नाशिकला जाऊन नाच शिकली. या हिवाळ्यात ती मुंबई-गोवा फिरणाऱ्या एका प्रवासी जहाजावर नाचते. तिथल्या कामगारांच्या घरच्यांना कमी पैशांत खोली मिळते. तिला आईला बोलवायचं होतं.

"मॅडम, आई एकटी यायची नाही. तुम्ही आणाल का?"

बाकीचं तिने हळू आवाजात सांगितलं. वडील नाहीत. घरात शब्द चालतो तो चुलत्याचा. पोरगी नाचते म्हणे, कुठं नाचते, कोणापुढं नाचते, असं तो चारचौघांत विचारतो. तिने पुढचा करार करायचा की घरी यायचं, हे आई स्वतः बघून आल्यावर ठरणार होतं.

मी हो म्हटलं.

वनिताची आई लखमीबाई आदल्या दिवशी जीपने जव्हारला आल्या. भाताची झोडणी उरकूनच निघाल्या होत्या, केसांत भुसा तसाच होता. सकाळी डेपोतून एसटी धरली. घाट उतरून विक्रमगड, मनोर, मग महामार्ग. मनोरपर्यंत रस्ता खिळखिळा करतो आणि पुढे ट्रक अडवतात, त्यामुळे दुपारची गाडी धरू नका. लखमीबाई सगळा वेळ पुढच्या सीटचा दांडा धरून बसल्या होत्या. बंदरावर पोचलो तेव्हा कळलं की घरचं खाणं जहाजावर नेता येत नाही. आम्ही फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीला बसून नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी संपवली. हातगाडीवाल्याकडून पाणी घेतलं. आत ते महाग आहे. आधार कार्ड पुरतं, पासपोर्ट लागत नाही. रांग मात्र पुरी दुपार खाते.

खोली आतल्या बाजूची होती, खिडकी नसलेली. लखमीबाईंनी पडदा बाजूला केला. मागे भिंत निघाली.

"बाई, हा पडदा कशाला?"

मी पडदा पुन्हा ओढून घेतला.

आता जागेचं सांगते, कारण जाऊ इच्छिणारे सगळे तेच विचारतात. जहाजात व्यायामशाळा आहे, पोहण्याचा हौद आहे, गाण्याचा बार आहे, मुलांची खेळण्याची खोली आहे. जाहिरातीत हे सगळं रिकामं दिसतं. प्रत्यक्षात हौद आमच्या कॉलेजच्या व्हरांड्याएवढा, आणि त्याच्या काठच्या खुर्च्यांवर सकाळीच टॉवेल पसरलेले असतात, माणूस नसतो. थिएटर मोठं आहे, पण जहाज त्याहून फार मोठं आहे. म्हणून संध्याकाळी एकच कार्यक्रम दोनदा होतो. जे आधी जेवतात त्यांनी नंतर बघायचा, जे नंतर जेवतात त्यांनी आधी. कागदावर हे जमतं. पण दोन्ही वेळचे लोक पहिल्याच खेळाला येतात.

पहिल्या संध्याकाळी आम्ही जेवण अर्धं टाकून लवकर गेलो आणि पुढून पाचव्या रांगेत दोन खुर्च्या मिळाल्या. लखमीबाईंनी पदर सारखा केला, चपला काढून खुर्चीखाली ठेवल्या. मंचावर निळा पडदा होता. वनिता त्याच्या मागे कुठेतरी होती.

दिवे मंद व्हायला लागले तेव्हा काठी टेकत एक म्हातारी आली. बरोबर मुलगा-सून. तिघं रांगेच्या तोंडाशी उभे राहून इकडेतिकडे बघत होते.

लखमीबाई उठल्या. "ये आजी, बस," म्हणाल्या.

म्हातारी बसली. लखमीबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सरक जरा, बाई."

आमच्याकडे मोखाड्याला बोहाडा होतो. देवांचे मुखवटे लावलेली सोंगं नाचत येतात आणि माणसं वाटेच्या दोन्ही बाजूंना जमिनीवर बसतात. कितीही उशिरा या, कुणीतरी गुडघे आत घेतं, कुणी पोराला मांडीवर घेतं, आणि तुम्ही बसता. जागा दिली म्हणून कुणाची जागा जात नाही. लखमीबाईंनी आयुष्यभर अशीच जागा दिली होती. इथे खुर्चीला दोन्हीकडे लोखंडी हात होते. सरकायचं कुठे?

त्यांना ते कळायला थोडा वेळ लागला. मग त्या शांतपणे मधल्या वाटेच्या पायरीवर बसल्या.

गणवेशातला मुलगा टॉर्च घेऊन आला. "आंटी, यहाँ नहीं बैठ सकते। रास्ता है।"

"बसू दे ना रे. कोणाला आडवी येते मी?"

"आग लगी तो लोग कहाँ से निकलेंगे? ऊपर देखिए, बाल्कनी में।"

मी माझी खुर्ची देत होते, पण त्या ऐकेनात. बाल्कनी भरली होती. उभं राहायला मनाई होती. आम्ही दोघी बाहेर आलो. मागे दार बंद झालं आणि संगीत सुरू झालं.

"चपला आत राहिल्या," लखमीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेळाला जाऊ, असं मी म्हटलं. पण दुसरा खेळ सुरू व्हायच्या आत त्या पलंगावर बसल्या बसल्याच झोपल्या. पहाटेपासून उठलेल्या बाईला मी उठवलं नाही. खरं सांगायचं तर माझ्यातही उठण्याचं बळ नव्हतं.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रावर. वनिता सकाळी कामगारांच्या वेळेतून सवड काढून आली. आईच्या चपला तिच्या हातात होत्या; काय झालं ते मी रात्रीच तिला कळवलं होतं.

"आये, तू उठलीस कशाला?"

"म्हातारी होती."

"म्हातारी होती तर तिच्या मुलाने उठवावं ना कुणाला. तू माझी आई आहेस."

"ते त्याला काय ठाऊक?"

मग वनिताने सांगितलं: घरच्यांसाठी जागा राखता येत नाही, नियम आहे. त्या संध्याकाळी जादूचे प्रयोग होते, तिचा नाच नव्हता. नाच पुन्हा शेवटच्या संध्याकाळी. "पण दुपारी तालीम आहे. थिएटर रिकामं असतं. मी विचारून ठेवते."

दुपारी गेलो. सगळ्या खुर्च्या आमच्या. लखमीबाई कुठेही बसू शकल्या असत्या, पण दाराजवळ उभ्या राहिल्या. वनिता आणि आणखी काही मुली साध्या पँट-टीशर्टात आकडे मोजत नाचत होत्या. मधेच थांबत, पुन्हा तेच करत. वनिता चांगली नाचते. पायात वजन नाही, मान स्थिर. मी आनंदाने बघत होते. नंतर ती घामाघूम होऊन खाली आली.

"बघलं का, आये?"

"लोक कुठं आहेत?"

"ही तालीम. लोक संध्याकाळी येतात."

"मग घरी काय सांगू? रिकाम्या खुर्च्यांपुढं नाचते म्हणून?" लखमीबाईंचा आवाज चढला नव्हता. "तुझा नाच मी अंगणात बघला आहे. तुला बघायला कोण येतं, ते मला बघायचं आहे."

वनिताने कपाळ पुसलं. मंचावरून कुणीतरी हाक मारली, तशी गेली.

तिसऱ्या दिवशी गोवा. बंदरापासून समुद्रकिनारा लांब आहे. टॅक्सीवाले जहाज लागलं की दर वाढवतात, तेव्हा चौघं मिळून जा. आम्ही गेलोच नाही. बंदराजवळच्या बाजारात फिरलो. लखमीबाईंनी बांगड्याचा भाव विचारला आणि कोळणीशी बराच वेळ वाद घातला. घ्यायचा नव्हताच. त्या प्रवासात त्या तेवढ्याच मोकळ्या दिसल्या.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही शहाणपण केलं असं मला वाटत होतं. पहिल्या खेळाचा नाद सोडला आणि दुसऱ्यासाठी लवकर जाऊन रांगेत सगळ्यांच्या पुढे उभ्या राहिलो. पहिला खेळ संपला. दार उघडलं. बाहेर आले ते थोडेच. बाकीचे तिथेच बसून राहिले. उद्या जहाज सोडायचं, म्हणून पुन्हा एकदा बघून घ्यावं. आमच्यामागे मोठी रांग, आत उरलेल्या खुर्च्या थोड्या. दार उघडताच मागचे लोक धावले. लखमीबाई धावल्या नाहीत. त्यांचे गुडघे दुखतात. मी मागे राहिले.

"फुल हो गया, मैडम।" तोच टॉर्चवाला मुलगा. त्याने लखमीबाईंना ओळखलं आणि नजर वळवली.

मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आत जी नाचते तिची ही आई आहे. तो म्हणाला, "मैं खड़ा कर दूँ तो मेरी नौकरी जाएगी।" 

मी म्हटलं, खोलीत जाऊ. लखमीबाई म्हणाल्या, "बसते हितं." आणि बाहेरच्या गालिच्यावर, भिंतीला टेकून बसल्या. मीही बसले. कुणाचं पोर रडायला लागलं की त्याची आई दार उघडून बाहेर यायची, आणि तेवढ्या वेळात आतलं दिसायचं. मंच नाही दिसायचा. फक्त डोकी. पुढे डोकी, वर बाल्कनीत डोकी, पुरुषांच्या शेजारी बायका, बायकांच्या मांडीवर पोरं, सगळ्यांची तोंडं एकीकडे. दार बंद व्हायचं. मग टाळ्या ऐकू यायच्या. लखमीबाई दर वेळी दाराकडे मान वळवत होत्या. मला वाटलं, त्या वनिताला शोधतात. मला त्यांची फार कीव आली.

परतीचा प्रवास आठवतही नाही. पाय सुजले होते. एसटीत दोघी झोपलो. मी लखमीबाईंना पोशेऱ्यापर्यंत सोडायला गेले, कारण चुलत्याला काय सांगायचं ही चिंता मलाच जास्त होती.

जाऊ की नको, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर: जहाजावर जागा पुरत नाही. बघायचं असेल तर जेवण सोडा, लवकर जा, आणि एकदा बसलात की उठू नका. मला पुन्हा जायचं नाही. चार दिवसांतून माझ्याजवळ काय राहिलं म्हणाल, तर गालिच्यावर बसलेली बाई. पण मी तिला चुकीचं वाचलं होतं, ते मला पोशेऱ्यात कळलं.

चुलता देवराम अंगणात नाचणीची कणसं वाळत घालत होता. हात न थांबवता त्याने विचारलं, "बघलं का वहिनी, पोरीचा नाच?"

मी काहीतरी बोलणार होते. लखमीबाई आधी बोलल्या.

"नाय."

त्याचे हात थांबले. "एवढं लांब जाऊन?"

"दोनदा गेले दाराशी. इतकी माणसं, भाऊजी. बाया, लेकरं, म्हाताऱ्या, घरंच्या घरं. एकदा बघून उठत नव्हती, दुसऱ्यांदा बघाया बसली. माझ्याच पोरीचा नाच, आणि मलाच जागा नाय मिळाली." त्या ओट्यावर बसल्या आणि पाय लांब केले. "बाईंना विचार."

देवरामने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

तो थोडा वेळ कणसं पालथी करत राहिला.

"जहाजवाल्यांनी परत कधी बोलावलं आहे तिला?"

"पुढच्या दिवाळीनंतर," लखमीबाई म्हणाल्या. "कागदावर सही कर म्हणून सांगते आज फोनवर."