सरांनी लावलेलं कुंकू : जळगाव ते धुळे

‘‘कपाळ एवढं मोकळं ठेवू नये पोरी, बघणाऱ्याची नजर ठरत नाही,’’ असं सर म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेतला. नव्वदच्या दशकाची सुरुवात, धुळ्याच्या चित्रकला महाविद्यालयातलं माझं शेवटचं वर्ष. इझलवर माझ्या आईचं तैलचित्र होतं, चेहरा दोन महिन्यांपूर्वीच पूर्ण झालेला. आई विधवा होती. सरांनी ब्रश लाल रंगात बुडवला आणि तिच्या कपाळावर कुंकू लावून दिलं.

ते चित्र मागायला मी या जानेवारीत गेले. आई दिवाळीनंतर गेली आणि घरात तिचा धड एक फोटो नाही. खानदेशात जायचा बेत असलेल्यांना रस्त्याचं, जेवणाचं सांगतेच. पण राग वगळून सांगायला जमणार नाही.

पुण्याहून येणारी गाडी पहाटे जळगावला सोडते. थंडी चांगलीच असते, स्वेटर हाताशी ठेवा. जानेवारीत आलात तर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी खाल्ल्याशिवाय स्टँडवरून हलू नका. वांगी काडीकचऱ्यावर भाजतात, तो वास बोटांना दुपारपर्यंत राहतो. धुळ्याची एसटी अर्ध्या-पाऊण तासाने मिळते, वाटेत एरंडोल आणि पारोळा. रस्त्याचं काम चालू होतं, म्हणून अडीच तासांच्या जागी साडेतीन तास धरा. वेळ असेल तर एरंडोलला उतरून पद्मालयाचा गणपती करा. तळ्यात कमळं असतात. मी उतरले नाही. आमचं शेत त्याच बाजूला होतं.

पारोळ्याला गर्दी झाली. एक बाई मोठं गाठोडं शेजारी ठेवून ऐसपैस बसली होती. चढलेली दुसरी म्हणाली, ‘‘सरका ना अक्का, बठ्ठी शीट तुमनीच शे का?’’

‘‘तिकीट काढेल शे मी.’’

‘‘आनि गाठोडानं?’’

सगळी बस हसली, गाठोडं मांडीवर गेलं. किती वर्षांनी ही बोली कानावर पडली. आई असंच बोलायची.

शेवटच्या वर्षी व्यक्तिचित्रासाठी कॉलेजने ठरवलेला मॉडेल मध्येच यायचा बंद झाला, तेव्हा ज्याने त्याने आपलं माणूस आणावं असं ठरलं. आई शेत काकांवर टाकून आली. मॉडेलच्या स्टुलावर बसली आणि पदर सारखा करत म्हणाली, ‘‘माले जशी शे तशी काढ. लाजू नको.’’ हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. बायका तिच्या कपाळाकडे बघायचं टाळत. मी आठवडाभर त्या कपाळाकडेच बघत होते. मधोमध एक फिकट जागा होती, जिथे पूर्वी कुंकू असायचं. उन्हाने रापलेल्या कातडीवर ती उठून दिसे. तो रंग जमेपर्यंत मी तीनदा खरवडून काढला. सगळं चित्र त्या फिकट जागेसाठी होतं, आणि सरांनी नेमकी तीच झाकली.

‘हात मारून देणं’ ही त्यांची शिकवायची रीत होती. तुम्ही उठायचं, सर तुमच्या जागी बसणार, तुम्ही मागे उभं राहून बघायचं. मुलं आपली पाळी यावी म्हणून वाट बघत. ‘‘सर, ती माझी आई आहे,’’ असं मी म्हणाले, तर म्हणाले, ‘‘इथे ती मॉडेल आहे. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला पाहुणे यायचेत.’’ प्रदर्शनात चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. आई एरंडोलहून बघायला आली, चित्रासमोर उभी राहिली आणि मला विचारलं, ‘‘हाई कोन शे?’’ मग म्हणाली, ‘‘चाल, बस चुकी जाई.’’ त्यानंतर तिने माझं एकही चित्र बघितलं नाही.

आणि हेच सर शुक्रवारी दुपारी खिडक्या लावून, स्लाइड दाखवत कलेचा इतिहास शिकवायचे. अजिंठ्याच्या भिंतींवर नंतर कुणी व्हार्निश चढवलं, ते सांगताना त्यांचा आवाज चढायचा. ‘‘दुसऱ्याच्या चित्रावर रंग चढवणारा माणूस चोर असतो, लिहून घ्या.’’ आम्ही लिहून घेतलं होतं.

धुळ्यात उतरून आधी शेवभाजी खाल्ली. तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळी मागा. मग कॉलेजात. प्रदर्शनातली निवडक कामं कॉलेज ठेवून घेई, त्यामुळे चित्र तिथे असणार हे माहीत होतं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे होतं. खाली पट्टी : ‘सुवासिनी’. त्याखाली सरांचं नाव, ‘मार्गदर्शन’ म्हणून. माझं नाव नव्हतं.

प्राचार्य माझ्याहून लहान, सरांचेच विद्यार्थी. चहा मागवला. ‘‘ताई, चित्र द्यायचा प्रश्नच नाही, ती कॉलेजची मालमत्ता आहे.’’

‘‘मग निदान कुंकू काढू द्या. खालचा रंग तेव्हा पूर्ण वाळलेला होता, वरचा थर सुटतो. मी हेच काम करते, जुनी चित्रं दुरुस्त करायचं.’’

‘‘सरांचा हात लागलेलं आहे, म्हणून तर जपलंय. सर हो म्हणाले तर बघू.’’

सर देवपुरात राहतात. रिक्षाने पांझरा नदी ओलांडली. ते अंगणात उन्हाला बसले होते, नव्वदीला आलेले, पण मला लगेच ओळखलं. सूनबाईंना हाक मारून पाट्यावरच्या चटणीसकट मला जेवायला वाढायला सांगितलं. आईच्या जाण्याचं ऐकून त्यांना खरंच वाईट वाटलं. मग मी चित्राचं काढलं.

‘‘वेडी आहेस,’’ ते म्हणाले, ‘‘अगं, त्या माउलीला कुणी दारात उभं करत नव्हतं. मी तिला सौभाग्य दिलं. आज प्राचार्यांच्या खुर्चीमागे बसली आहे.’’

‘‘तिने मागितलं नव्हतं, सर.’’

‘‘अशा गोष्टी बायका मागतात होय? समजून घ्याव्या लागतात.’’

त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता आणि मला त्यांचा राग आला होता. नुसता दुष्टपणा असता तर बरं झालं असतं. त्यांना खरोखर वाटतं की त्यांनी दया केली. तिचं कपाळ त्यांना बघवलं नाही, तर तोंड फिरवायचं होतं; बाकीच्यांनी तेच केलं होतं. ‘‘ते काम पुसायचं नाही, मी असेपर्यंत तरी नाही,’’ एवढं बोलून त्यांनी विषय बदलला.

पुण्याला येऊन तीन आठवडे झाले. शेव आणली होती, ती संपली. आईची ती फिकट जागा पुढे उन्हाने रापून गेली; रोज सकाळी ती आठवायचा प्रयत्न करते आणि आता रंग नक्की आठवत नाही. तो फक्त त्या कुंकवाखाली आहे.

सर, तुमच्या सूनबाई तुम्हाला मोबाइलवरचं वाचून दाखवतात असं तुम्हीच सांगितलंत, म्हणून इथे लिहिते. चित्र मला नको, पट्टीवर माझं नावही नको. प्राचार्यांना फोन करा आणि मला एक सकाळ द्या. तुम्ही स्वतः माझ्या मागे उभे राहा आणि मी काय करते ते बघा. नाही म्हणाल, मला माहीत आहे. तरी विचारते : तुमचा हात न लागलेली माझी आई मी एकदा बघू का?