राखेनं घासलेला लोखंडी टोप

मंडळी, जुन्या लष्करी टोपांवर, म्हणजे हेल्मेटवर, रंगवलेल्या खुणांवरून पलटण कशी ओळखायची, हे मी इथे लिहीत असते. आज त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही.

सकाळी जामखेडकडच्या भामाबाई आल्या. वय ऐंशीच्या पुढे. वडील दुसऱ्या महायुद्धात गेले ते परतलेच नाहीत. सोबतच्या शिपायाने त्यांचा लोखंडी टोप तेवढा घरी आणून दिला. कागद एकही नाही.

“पलटन कळली तर आबा कुठं पडला ते इचारता येईल,” त्या म्हणाल्या.

त्यांनी फडक्यात बांधून आणलेला टोप सोडून दाखवला, तर तो चकचकीत. “यावर रंगाचं काही होतं का?” मी विचारलं.

“हुतं की, तांबडं. दर खंडेनवमीला पुजायचा म्हनून राखेनं घासते. लई वरसांनी निघालं बघा.”

“चित्र कसलं होतं?”

“ते न्हाई आठवत, बाई.”

भिंग घेऊन सगळा टोप पाहिला. रंगाचा ठिपकाही उरला नव्हता. आता कळणार नाही, असं मी स्पष्ट सांगितलं.

त्यांनी टोप परत फडक्यात बांधला. “मग औंदा घासला तर चालंल ना?”

चालेल, मी म्हणाले. तुम्ही काय सांगितलं असतं?