गिऱ्हाईक परत पाठवणारी बहीण

बंदरावर तिला सगळे बाटलीबाई म्हणत, आणि त्यात प्रेम अजिबात नव्हतं. समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तिने सव्वीस वर्षं काचेच्या बाटल्या धुतल्या. तिथल्या मोठ्या बाईंना ती प्रश्न विचारून भंडावून सोडायची. शेवटी वैतागून त्यांनी तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. थेंबभर पाण्यात वळवळणारे जीव पाहिले आणि तिला जो नाद लागला तो सुटलाच नाही. निवृत्त झाल्यावरही ती रोज धक्क्यावर जाऊन पाणी बघायची आणि भेटेल त्याला समुद्र शिकवायची. लोक टाळायचे. तिची बोलायची तऱ्हाही तशीच होती. समोरच्याची अक्कल काढल्याशिवाय तिचं वाक्य पुरं होत नसे.

तिचा धाकटा भाऊ मासळीबाजारात शिंपले विकायचा. दोघांचं लहानपणापासून पटत नव्हतं.

एका सकाळी तिला पाणी गंजासारखं तांबूस दिसलं. तिने ते बाटलीत भरलं आणि प्रयोगशाळा गाठली. मोठ्या बाईंनी थेंब तपासला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"या सूक्ष्म जीवांची ही विषारी जात आहे. शिंपले पाणी गाळून खातात, त्यांच्या अंगात हे साठतं. शिंपल्यांवर बंदी घालायला मी सरकारला आत्ताच कळवते, पण हुकूम निघायला संध्याकाळ होईल."

संध्याकाळपर्यंत सगळा माल लोकांच्या पोटात गेला असता. ती तडक भावाच्या गाळ्यावर गेली.

"आजचे शिंपले विकू नकोस."

"का? बाटलीत भूत दिसलं?"

"विष आहे त्यात. माणूस मरेल."

"उकळल्यावर कसलं विष राहतंय?"

"उकळूनही जात नाही हे. जन्म गेला शिंपले विकण्यात, आणि एवढं माहीत नाही तुला?"

झालं. चारचौघांत असं बोलल्यावर भाऊ कशाला ऐकतोय! त्याने पाठ फिरवली. मग ती गाळ्यापुढेच उभी राहिली आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक परत पाठवू लागली. शेजारचे विक्रेते तिच्यावर ओरडायला लागले. भावजयीने माशांचं धुवण सरळ तिच्या अंगावर ओतलं.

"ताई, आमच्या पोटावर का उठलाय तुम्ही?"

ती ओलीचिंब झाली, पण जागची हलली नाही. तेव्हा भावाने दुपारच्या जेवणासाठी उकडलेल्या शिंपल्यांचा वाडगा उचलला आणि सगळ्यांसमोर खायला सुरुवात केली. तिने त्याचा हात धरला. त्याने तो झिडकारला.

"बघा! मेलो का?"

बाजार हसला.

अर्ध्या तासाने तो म्हणाला, "ओठ बधिर झालेत." मग बोटांना मुंग्या आल्या, मग जीभ जड झाली. तिनेच रस्त्यावरची एक गाडी थांबवली आणि त्याला इस्पितळात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरला वाटलं, हा पिऊन आलाय.

"शिंपल्यांचं विष आहे," ती म्हणाली. "याचा श्वास थांबेल. यंत्र आणून ठेवा."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. बाटल्या धुवायचे. यंत्र आणा!"

तासाभरात श्वास खरोखरच थांबला. यंत्र खाटेशेजारी होतं म्हणून तो वाचला. दोन दिवस त्याच्यासाठी यंत्रच श्वास घेत होतं. सकाळी लवकर शिंपले नेलेल्या दोघांनाही त्रास झाला, पण थोडक्यात निभावलं.

इस्पितळाच्या पायऱ्यांवर भावजय तिला म्हणाली, "तुम्ही डिवचलंत म्हणून खाल्लं त्यांनी."

ते खरंच होतं. बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं असतं तर? हे तिला आतून कुरतडत राहिलं. आणि त्या मूर्ख भावाचा रागही काही केल्या जाईना.

बंदी सात आठवडे चालली. सगळ्यांचा धंदा बुडाला आणि खापर तिच्यावर फुटलं. तिनेच पाण्याला नजर लावली, असंही कोणी कोणी म्हणालं. ती धक्क्यावर आली की बायका तोंड फिरवून थुंकायच्या. भाऊ बरा होऊन बाजारात येऊ लागला, पण ती दिसली की रस्ता बदलायचा.

बंदी उठली त्या दिवशी भावजय तिच्या दाराशी आली.

"विकू का आता?"

"सूचना लागलीय ना? मग विक."

"कागद राहू दे. तुम्ही सांगा."

"पाणी स्वच्छ आहे. मी पाहिलंय."

भावजय घुटमळली. "पुन्हा तांबडं झालं की कळेलच ना आम्हाला?"

"दरवेळी तांबडं होतंच असं नाही. आत ये, नीट सांगते."

"आत नाही येणार. इथंच सांगा."

मग तिने दारातच उभं राहून सांगितलं, या वेळी कोणाचीही अक्कल न काढता. भावजय हाताची घडी घालून ऐकत होती. दोनदा तिने मध्येच तोडून प्रश्न विचारला. सगळं ऐकून झाल्यावर येते असंही न म्हणता ती जिना उतरून गेली.